माळावरच्या पहारीचं म्हणणं

मी पहार बोलतेय. वजन साडेआठ किलो, उंची पाच फूट, आणि स्वभाव म्हणाल तर सरळसोट. गोड बोलणं मला येत नाही. जन्मभर दगडाशीच गाठ पडली, त्याला मी तरी काय करणार?

माझा जन्म मस्कतचा. त्याआधी मी एका ट्रकचा शाफ्ट होते, पण ते दिवस मला नीटसे आठवत नाहीत. ट्रक भंगारात गेला आणि मी वादी कबीरमधल्या गुलजार नावाच्या लोहाराच्या शेडमध्ये येऊन पडले. २०१२ सालच्या जानेवारीत तिथे एक माणूस आला. बुटका, काळासावळा, मिशी पांढरी व्हायला लागलेली. रुवीच्या दुकानांत नव्या चकचकीत पहारी मिळतात, त्या सगळ्या बघून तो आला होता. गुलजारला हिंदीत म्हणाला की त्या पहारी शोभेच्या आहेत, चार दिवसांत वाकतील. मग भंगाराच्या ढिगातून त्याने मला ओढून काढलं, दगडावर आपटलं आणि कान देऊन आवाज ऐकला. बाई गं, तेव्हाच मी ओळखलं की ह्याला लोखंड कळतं.

गुलजारने मला तापवलं, ठोकलं, एका बाजूला टोक काढलं, दुसरी बाजू छिन्नीसारखी चपटी केली. पाणी देताना, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवताना मात्र तो माणूस अगदी जवळ येऊन उभा राहिला. पाणी जास्त झालं तर टोक तुटतं, कमी झालं तर दुमडतं. त्याने बरोबर वेळेला हात वर केला आणि गुलजारने मला बाहेर काढलं. जाताना एकही टॅक्सीवाला मला घ्यायला तयार होईना. शेवटी एकाने मला खिडकीतून अर्धी बाहेर काढली, माझ्या टोकाला लाल फडकं बांधलं आणि आमची वरात निघाली.

त्या माणसाचं नाव भिकाजी जोईल. देवगडकडचा. वय चोपन्न. गावात त्याच्या नावावर हाताएवढी जमीन नव्हती. बाराव्या वर्षापासून तो दुसऱ्यांच्या बागांत कलमांसाठी खड्डे मारायचा, तेही कातळावर. कातळ फोडून आंबा लावायचा म्हणजे काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पुढे गवंडीकाम शिकला, मस्कतला आला आणि वीस वर्षं लोकांच्या भिंती बांधल्या. वादी अदाईत एका खोलीत सहा जण राहायचे, त्यातला तो एक.

त्याचा अर्बाब हमूद. अर्बाब म्हणजे मालक. ओमानी माणूस, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, बौशरला घर, आणि बांधकामाची एक छोटीशी कंपनी. एकदा भिकाजी त्याच्या घराचं कुंपण दुरुस्त करत असताना हमूदने बोलता बोलता सांगितलं, की आपल्याला आत माळावर सरकारकडून जमीन मिळाली आहे, पण अट कडक आहे. पाच वर्षांत शंभर झाडं उभी दिसली पाहिजेत. नाही दिसली तर जमीन परत. आणि तिथे तर नुसते गोटे आहेत, कुदळ मारली की उडून अंगावर येते.

इथे भिकाजीची जीभ घसरली. तो म्हणाला, "अर्बाब, आमच्याकडे आम्ही कातळावर आंबे काढतो. गोट्यांचं काय घेऊन बसलात?"

झालं. ह्या एका फुशारकीपायी आम्ही दोघं त्या माळावर गेलो.

जाण्याआधी आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. हमूद तसा नियमाने चालणारा माणूस. तो म्हणाला की आता तू शेतीवर चाललास, तर तुझ्या कामाच्या परवान्याच्या कार्डावरचं गवंडी काढून शेतमजूर करून घेऊ, कायद्याने तेच बरोबर. भिकाजीने मान हलवली. गावात आपण मजूर होतो, इथे मेस्त्री म्हणून आलो, गावाकडे चार माणसं मेस्त्री म्हणून ओळखतात. आता परत कागदावर मजूर लिहून घ्यायचं? नको. हमूद 'बघू, इन्शाल्ला' म्हणाला आणि ते तसंच राहिलं. मला तेव्हा भिकाजीचं बरोबरच वाटलं होतं. मी तरी स्वतःला शाफ्ट म्हणवून घेईन का?

मस्कतपासून गाडीने अडीच तासांवर तो माळ. बघावं तिकडे तपकिरी गोटे, आणि लांब कुठेतरी उघडेबोडके डोंगर. एक गाफचं, आपल्या शमीसारखं झाड होतं, तेही आमच्या हद्दीबाहेर. एक पत्र्याची केबिन आणून टाकली होती, तिच्यात खाट, स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन. बाहेर वारा असा, की चहा कपात ओतावा तर शेजारी पडावा. भिकाजीने सामान उतरवलं, नारळ फोडला आणि मला हातात घेतलं.

नवखा माणूस पहार जोर लावून ढकलतो आणि खांदे मोडून घेतो. भिकाजी मला वर उचलायचा आणि नुसता सोडून द्यायचा. वजनाचं काम वजन करतं. पहिल्या दिवशी मी खणखणले, ठिणग्या उडाल्या, आणि जमिनीला नखाएवढा ओरखडा पडला. वरचे गोटे सुटे होते, पण हातभर खाली सगळं चुन्याने सांधल्यासारखं घट्ट. भिकाजीने खाली वाकून ते बोटाने चाचपलं आणि हसला. म्हणाला, "कातळच हा गो."

माझ्याशी तो असाच बोलायचा. तिथे दुसरं होतंच कोण? तीन दिवसांनी एकदा हुसेनचा पाण्याचा टँकर यायचा. हुसेन राजापूरचा, पंचवीस वर्षं ओमानात गाड्या चालवत असलेला, आणि तोंडाला कुलूप नसलेला. केबिनच्या सावलीत चहा घेताना देशाच्या, रुवीच्या, क्रिकेटच्या सगळ्या बातम्या सांगायचा आणि दर वेळी पहिला प्रश्न एकच.

"आज कितवो रे?"

"सत्तेचाळीसावो," भिकाजी सांगायचा. म्हणजे खड्डा.

उन्हाळ्यात पहाटे सुरू करून नऊला थांबावं लागे, कारण मी इतकी तापायचे की ओल्या गोणपाटाशिवाय हात लावता येत नसे. आठ महिन्यांत शंभरावर वीस खड्डे झाले. दोनदा माझं टोक बोथट झालं, दोनदा हुसेनने मला गुलजारकडे नेऊन आणलं. बोअरला पाणीही लागलं, पण मचूळ. प्यायला टँकरचं, झाडांना बोअरचं, असं ठरलं. मग लिंबं आली, खजुराची रोपं आली, थोडे आंबे आले. भिकाजीने एकेक झाड लहान मुलाला आंघोळ घालावी तसं लावलं. खड्डा काठोकाठ भरला, वर मातीचा उंचवटा केला आणि रोप त्या उंचवट्याच्या डोक्यावर बसवलं. कोकणात असंच करतात. पावसाचं पाणी बुंध्याशी साचलं की मूळ कुजतं, म्हणून झाड नेहमी उंचावर.

अहो, पण इथे पाऊस कुठला? हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

हमूदची म्हातारी आई एकदा गाडीतून आली. काठी टेकत टेकत एका लिंबापाशी गेली आणि खाली बसली. बुंध्याजवळ मातीवर पांढरी भुकटी जमली होती, ती बोटावर घेऊन चाखली आणि थुंकली. मुलाला काहीतरी म्हणाली. हमूदने जरा संकोचतच भिकाजीला सांगितलं, की आई म्हणते झाडं उंचावर ठेवलीस तर मीठ वर चढतं, झाड खाली बसव. भिकाजीने हात जोडले आणि सांगितलं की आईंना म्हणावं, मी देवगडला कातळावर हजार कलमं लावली आहेत. हमूदने आईसाठी गाडीचं दार उघडलं. म्हातारी गेली. जाताना मात्र तिने माझ्याकडे एकदा बघितलं, जसं काही ह्या मूर्खपणात माझाही हात होता. होताच की.

पुढच्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. मग पानं गळली. मग एकेक काडी उभी राहिली. एकशे वीसातली एकोणऐंशी झाडं गेली. भिकाजी रोज सकाळी ओळीतून फिरायचा, नखाने साल खरवडून बघायचा, हिरवं दिसलं नाही की पुढे जायचा. पाचातली अडीच वर्षं संपली होती. हुसेनने त्या दिवसांत 'कितवो' विचारणं सोडून दिलं.

त्याच हिवाळ्यात कलावती आली. भिकाजीची बायको, तीन महिन्यांच्या व्हिसावर, पहिल्यांदाच विमानात बसलेली. तिला मस्कतचे मॉल बघायचे होते, आणि नवऱ्याने आणून सोडली ती ह्या गोट्यांत. पहिले दोन दिवस ती खाटेवरच बसून होती. तिसऱ्या दिवशी केबिन झाडली, भांडी घासायच्या पाण्यावर माठ आणि भेंडी पेरली, आणि संध्याकाळी मेलेल्या झाडांच्या ओळीकडे बघत विचारलं, "हय आपला काय आसा?"

भिकाजीने एका वाळक्या काडीची साल खरवडून बघितली. मग म्हणाला, "काय नाय. पण आजपातूर मारलेले खड्डे दुसऱ्यांनी भरल्यानी. झाडा लावतले ते येगळे. हय खड्डो माझो, आणि झाडय माझ्याच हातचा. एकदा तरी जगलेला बघूचा आसा."

 

हमूदची आई पुन्हा आली तेव्हा कलावती होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. चटईवर बसल्या, खजूर खाल्ले, कलावतीने तिला भेंडीची भाजी वाढली. मग म्हातारीने मेलेल्या लिंबाकडे बोट दाखवलं आणि मूठ वळून वर धरली. त्या मुठीवर दुसऱ्या हाताचं बोट उभं केलं आणि मान हलवली. मग मूठ उघडली, हाताची ओंजळ केली, त्या ओंजळीत बोट उभं केलं आणि वरून पाणी ओतल्यासारखं केलं. दोनदा केलं. कलावतीला काय ते कळलं. कळायला काय, वाफ्याला पाणी घालणारी बाई ती.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "ती सांगता ता ऐका. तिना तुमचो कातळ बघूक नाय, पण तुमी तरी तिचो माळ खय बघितलास?"

भिकाजी चिडला. जेवलाही नाही. पण सकाळी उठून त्याने मला उचललं आणि पहिल्या उंचवट्यावर सोडलं. स्वतःच्या हातांनी रचलेलं फोडायला जास्त जोर लागतो, हे मला त्या दिवसांत समजलं. एकशे वीस उंचवटे फोडले, प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल आळं केलं, त्यात झाड खाली बसवलं. पाणी आता भरपूर सोडायचं, म्हणजे मीठ मुळापासून लांब खाली जातं. जी एकेचाळीस झाडं तग धरून होती ती आधी सावरली. बाकीची नवी आणली. कलावती व्हिसा संपेपर्यंत त्याच्याबरोबर आळ्यांत ओणवी होती. जाताना तिने प्रत्येक ओळीतल्या पहिल्या झाडाला पाणी घातलं आणि टँकरमध्ये बसली. हुसेनने तिला विमानतळावर सोडलं.

आणि सहा सोडली तर सगळी झाडं धरली हो! पहिल्या वर्षी हिरवी राहिली, दुसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वर गेली. लिंबांना फुलं आली तेव्हा त्या वासाने मधमाश्या आल्या, कुठून आल्या देव जाणे. भिकाजीने दगडांचा गडगा घातला, देवगडला घालतात तसाच, चुना न लावता. वाऱ्याने केबिनमध्ये येणारी वाळू कमी झाली. हमूद शुक्रवारी कुटुंबाला घेऊन यायला लागला. त्याची आई आळ्याच्या काठावर बसून पाय आत सोडायची आणि समाधानाने काहीतरी पुटपुटायची.

२०१७च्या फेब्रुवारीत कळलं, की गुरुवारी तपासणीला अधिकारी येणार.

बुधवारी दुपारी हमूद एकटाच आला. भिकाजीने त्याला ओळीओळीने फिरवलं, कुठलं झाड कमजोर आहे, त्यापाशी थांबू नका, हे सांगितलं. हमूद ऐकत होता, पण नजर जमिनीवर. शेवटी त्याने सांगून टाकलं. तुझ्या कार्डावर गवंडी आहे. शेतावर दिसलास तर तुला परत पाठवतील, मलाही दंड, आणि जमिनीचं काय करतील सांगता येत नाही. उद्या तू इथे नसलास तर बरं.

कार्ड भिकाजीनेच तसं ठेवून घेतलं होतं. त्याने एवढंच विचारलं की किती वाजता येणार. मग गेला आणि सगळ्या आळ्यांना पाणी सोडलं, कडेचं तण काढलं, मला तेलाच्या फडक्याने पुसलं आणि केबिनच्या दाराशी उभं केलं. सकाळी हुसेन आला. भिकाजी धुतलेला शर्ट घालून टँकरमध्ये बसला, आणि दोघं बारा किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर जाऊन थांबले. पाच वर्षं ज्या दिवसासाठी घाम गाळला, त्या दिवशी तो पेट्रोल पंपावर चहा पीत होता. मला इतका संताप आला होता, की विचारू नका.

दोन अधिकारी आले. एक तरुण, हातात टॅब. दुसरा वयस्कर, हळू चालणारा, झाडांना हात लावून बघणारा. तरुणाने मोजलं. एकशे तेरा. म्हातारा आळ्यापाशी वाकला, माती चिमटीत चोळली, मग केबिनपाशी येऊन मला उचललं. माझं झिजलेलं टोक बघितलं. मध्यभागी, जिथे भिकाजीचे हात बसायचे, तिथे मी गुळगुळीत झाले आहे. तिथे त्याने अंगठा फिरवला. मग हमूदला विचारलं, "हे कुणी खणलं?"

हमूदची आई गाडीत बसली होती, काच खाली होती. हमूदने एकदा तिच्याकडे बघितलं.

"मी," तो म्हणाला. "घरच्या लोकांनी मदत केली."

त्या अधिकाऱ्याने हमूदच्या हातांकडे बघितलं. ते मऊ हात, नखं कापलेली, बोटात चांदीची अंगठी. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण तोही शेतकऱ्याच्या घरातला असावा, त्याला ती झाडं उपटायला लावायची नव्हती. त्याने मला जपून पुन्हा दाराशी टेकवलं, माशाल्ला म्हणाला आणि कागदावर सही केली. गाडीत म्हातारीने काच वर केली. 

दुपारी भिकाजी परत आला. टँकरमधून उतरायच्या आधीच विचारलं की किती भरली. हमूदने सांगितलं, एकशे तेरा, पास. भिकाजी हसला आणि म्हणाला की एकशे चौदा आहेत, गडग्याच्या आडचं लिंब त्यांना दिसलं नसणार. मग त्याने विचारलं की आणखी काय म्हणाले. हमूदला खोटं बोलता आलं असतं, पण तो बोलला नाही. म्हणाला, "कुणी खणलं विचारलं. मी म्हटलं, मी."

भिकाजीने मिशीवरून हात फिरवला. "बरोबर केलंत, अर्बाब," तो म्हणाला. "दुसरं काय सांगणार होतात?"

मग तो गडग्याच्या आडच्या त्या लिंबापाशी जाऊन बसला. खूप वेळ बसला होता. हुसेन तिकडे निघाला होता, पण अर्ध्यातून परत फिरला.

चार दिवसांनी त्याने हमूदला आपणहून सांगितलं, की आता माझ्या कार्डावर शेतकरी लिहा. मजूर लिहिलं तरी चालेल, पण शेतीचं लिहा. हमूद लगेच मस्कतला गेला, दोन कचेऱ्या फिरला. त्याला सांगितलं गेलं की साठीला आलेल्या माणसाचं नवं कार्ड आता होत नाही. आहे ते संपेपर्यंत राहू दे, मग खलास. ते कार्ड २०१८च्या मार्चमध्ये संपलं.

जायच्या दिवशी भिकाजीने सामान एका बॅगेत बसवलं. मला न्यायचा प्रश्नच नव्हता, पाच फुटांची पहार विमानात कोण घेणार? त्याने मला आडवं मांडीवर घेतलं, तेल लावलं, आणि हमूदला बजावलं की हिला बाहेर ठेवू नका, गंजेल. एवढं बोलून तो टँकरमध्ये चढला. हमूद रस्त्यापर्यंत टँकरच्या मागोमाग चालत गेला.

आता माझं म्हणाल तर बरं चाललंय. दोन नवी माणसं आहेत शेतावर, त्यांच्या कार्डांवर शेतीच लिहिलेली आहे. खणायचं फारसं उरलं नाही. कधी गडग्याचा दगड सरकवायला, कधी खजुराच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू आईपासून सोडवायला मला काढतात. हमूद वाईट माणूस नाही. दर हंगामात हुसेनबरोबर देवगडला खजुराचा डबा पाठवतो. हुसेन सांगतो की कलावती तो वाडीभर वाटते. पण शुक्रवारी मस्कतहून पाहुणे येतात, सावलीत कॉफी पितात, आणि एखादा विचारतोच की एवढं सगळं ह्या गोट्यांत केलंत कसं? हमूद 'अल्लाची कृपा' म्हणतो आणि पेल्यात बघतो. कागदावर एक नाव गेलं आहे, ते आता बदलायचं म्हटलं तर सगळंच उकरावं लागेल. ते मला कळतं. पटत नाही, पण कळतं.

मला फक्त एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. त्या दिवशी त्या अधिकाऱ्याने मला हातात घेतलं, टोक बघितलं, अंगठा फिरवला, आणि प्रश्न मात्र दुसऱ्यालाच विचारला. पाच वर्षं प्रत्येक खड्ड्यात जी उतरली, तिला कुणी विचारलंच नाही.

म्हणून आता न विचारता सांगते. एकशे चौदा झाडं आहेत. एकूणएक भिकाजी जोईलने लावली. तुमच्याकडे कागद असेल, तर लिहून घ्या.